स्वातंत्र्यदेवतेचा सात-बारा

बँकेच्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढली की माणसाला एक खोड जडते. कोणी कितीही सुंदर वस्तू समोर ठेवली तरी मनात पहिला प्रश्न येतो, की हिच्यावर कर्ज किती देता येईल? मीही त्याला अपवाद नव्हतो. एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना औद्योगिक वसाहतीतला एक तरुण कारखानदार माझ्याकडे येत असे. स्टीलचे जेवणाचे डबे करणारा. त्याने एक नवा डबा काढला होता. घाट असा देखणा आणि कडी अशी सुबक बसवलेली, की हातात घेतल्यावर खाली ठेववत नसे. कर्जाच्या प्रकरणात आम्ही तारण म्हणून त्याची शेड लिहिली, प्रेस लिहिले, साचे लिहिले, पत्र्याचा साठा लिहिला. डब्याचा घाट मात्र फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. पुढे एका प्रदर्शनात त्या डब्याचे कौतुक झाले आणि दिवाळीच्या आत तसेच्या तसे डबे, कमी किमतीत, बाजारात आले.

तो वकिलांकडे गेला. वकिलांनी एकच गोष्ट विचारली. प्रदर्शनात मांडण्याआधी या घाटाची नोंदणी केली होती का? वस्तूच्या रूपाची अशी नोंदणी असते हे त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्याला कर्ज देणाऱ्या मलाही नव्हते. वर्षभरात त्याचे खाते थकले. ज्या शेडवर आम्ही बोजा चढवला होता, ती विकून त्याने ते मिटवले.

ती गोष्ट मनात टोचत राहिली. निवृत्तीनंतर या विषयावरचे जे मिळेल ते वाचू लागलो आणि एक दिवस वाचता वाचता थबकलो. न्यूयॉर्कच्या बंदरातला तो स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. प्रत्यक्ष नसेल, तर निदान कॅलेंडरवर किंवा अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेल्या फोटोत तरी. त्या पुतळ्याच्या रूपाचीसुद्धा नोंदणी झालेली होती! अमेरिकेच्या पेटंट कचेरीत, १८ फेब्रुवारी १८७९ रोजी, डिझाइन क्रमांक ११,०२३. अर्जदाराचे नाव ओग्युस्त बार्थोल्डी. जगाला उजेड दाखवणारी देवता घडवणाऱ्या माणसाने तिचा सात-बारा आपल्या नावावर का करून घेतला असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याचे सगळे आयुष्यच पुढे उभे राहिले.

फ्रेदेरिक ओग्युस्त बार्थोल्डीचा जन्म २ ऑगस्ट १८३४ चा. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर अल्सास नावाचा प्रांत आहे. तिथले कोलमार हे त्याचे गाव. दोन वर्षांचा असतानाच वडील गेले. आई शार्लोट खंबीर बाई. दोन मुलांना घेऊन ती पॅरिसला गेली, पण कोलमारचे घर तिने मोडले नाही. धाकट्याचा हात चित्रात चालतो हे तिच्या ध्यानात आले आणि तिने त्याला चांगले गुरू मिळवून दिले. चित्रकलेसाठी आरी शेफर आणि वास्तुशास्त्रासाठी व्हिओले-ल-द्यूक. मुलगा लवकरच शिल्पकलेकडे वळला. विशी ओलांडते न ओलांडते तोच कोलमारसाठी त्याने जनरल राप यांचा भव्य पुतळा केला. १८५५ साली पॅरिसमध्ये त्याची चर्चा झाली. त्या वयातच एक गोष्ट स्पष्ट झाली होती, की या मुलाला लहान वस्तू करण्यात रस नाही.

त्याच सुमारास काही चित्रकार मित्रांबरोबर तो इजिप्त आणि येमेनच्या प्रवासाला गेला. नाईलच्या काठी हजारो वर्षे बसून असलेल्या त्या प्रचंड दगडी मूर्ती पाहून तरुण बार्थोल्डी भारावला. माणूस मातीला मिळतो, पण इतकी मोठी आकृती काळालाही पुसता येत नाही, हे त्याने तिथे पाहिले.

पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला व्हायच्या बेतात असताना तो पुन्हा इजिप्तला गेला तो एक योजना घेऊनच. कालव्याच्या तोंडाशी दीपगृह उभारायचे. ते कसे, तर हातात दिवा उंचावलेल्या इजिप्शियन शेतकरी स्त्रीच्या रूपात. आशियाकडे प्रकाश नेणारी इजिप्त, अशी कल्पना. तिथल्या खेदिव इस्माईलने चित्रे पाहिली, मॉडेल पाहिले आणि नकार दिला. क्षणभर विचार करा. इस्माईलने होकार दिला असता, तर मुंबईहून बोटीने विलायतेला शिकायला जाणाऱ्या आपल्या पणजोबांच्या पिढीला ती दीपधारी बाई वाटेतच भेटली असती. ते व्हायचे नव्हते. हात हलवत परतलेल्या बार्थोल्डीला त्या खेपेत एक धडा मात्र मिळाला. शिल्पकाराजवळ कल्पना असली तरी तिजोरीची किल्ली नेहमी दुसऱ्याकडे असते.

मग १८७० चे युद्ध आले. प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला. बार्थोल्डी नॅशनल गार्डमध्ये अधिकारी होता आणि फ्रान्सच्या मदतीला आलेल्या इटलीच्या गॅरिबाल्डीबरोबर त्याने काम केले. १८७१ च्या तहात अल्सास जर्मनीकडे गेला. आई कोलमारच्या घरात आणि त्या घरावर परक्यांचा झेंडा. स्वतःच्या गावात पाहुण्यासारखे जाण्याची पाळी त्याच्यावर आली. स्वातंत्र्य हा शब्द त्यानंतर त्याच्यासाठी सभेतल्या भाषणाचा उरला नाही. बेलफोर या शहराने त्या युद्धात १०३ दिवस वेढा सोसला होता. तिथल्या किल्ल्याच्या कड्याला टेकून त्याने लाल दगडाचा जो सिंह घडवला, तो जवळजवळ २२ मीटर लांबीचा आहे.

याच काळात एदुआर्द द लाबुले या विद्वानाची एक कल्पना त्याने उचलली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १८७६ मध्ये शंभर वर्षे होणार. फ्रान्सच्या लोकांनी अमेरिकेच्या लोकांना स्वातंत्र्याचे एक स्मारक भेट द्यावे. १८७१ च्या उन्हाळ्यात बार्थोल्डी अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कच्या बंदरात बोट शिरत असतानाच समोरचे एक छोटे बेट त्याच्या नजरेत भरले, आणि जागा ठरली. पुतळ्याला तेव्हा ना मंजुरी होती, ना पैसा.

पैशाचीच कथा पुढची पंधरा वर्षे चालली. भेट सरकारची नव्हती, लोकांची होती. म्हणजे वर्गणी आली. १८७५ मध्ये फ्रँको-अमेरिकन मंडळ स्थापन झाले. पुतळ्याचा खर्च फ्रान्सने करायचा आणि खालच्या चौथऱ्याचा अमेरिकेने, अशी वाटणी ठरली. मेजवान्या झाल्या, संगीताचे कार्यक्रम झाले, लॉटरीची तिकिटे निघाली. आपल्याकडच्या सार्वजनिक उत्सवांच्या चिटणिसांना हे सगळे ओळखीचे वाटेल! १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बार्थोल्डीने पुतळ्याचा फक्त मशालधारी हात नेऊन उभा केला. पन्नास सेंट देऊन लोक आतल्या शिडीने मशालीपर्यंत चढत. नंतर तोच हात न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात १८८२ पर्यंत होता. पॅरिसच्या १८७८ च्या प्रदर्शनात पुतळ्याचे मस्तक मांडले गेले. देवता अशी तुकड्या-तुकड्यांनी लोकांसमोर येत होती, आणि प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याचा खर्च मागत होता.

त्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बार्थोल्डीने एक लोखंडी कारंजेही मांडले होते. त्याचे नमुने इतर शहरांना विकता येतील, असा त्याचा हिशेब. गिऱ्हाईक मिळाले एकच. १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ते ६,००० डॉलरना घेतले. ही किंमत अंदाजे खर्चाच्या निम्मी होती. आजही ते वॉशिंग्टनमध्ये आहे. कलावंताने दुकान मांडले की काय होते, याचा हा अनुभव ताजा असतानाच २ जानेवारी १८७९ रोजी त्याचा अर्ज पेटंट कचेरीत दाखल झाला.

आता ही नोंदणी म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. यंत्र नवे असेल, ते नव्या रीतीने काम करत असेल, तर त्याला पेटंट मिळते हे आपण ऐकलेले असते. पण वस्तू कशी दिसते, तिचा घाट, तिच्यावरची नक्षी, रेषांची ठेवण, यालाही किंमत असते. दोन कपांत चहा सारखाच राहतो, तरी आपण त्यातला एक उचलतो. हे ओळखून इंग्लंडमध्ये १७८७ साली छापील सुती आणि तागाच्या कापडावरच्या नव्या नक्षीला दोन महिन्यांचे संरक्षण देणारा कायदा झाला. गंमत अशी, की इंग्लंडचा कापडछपाईचा धंदा मुळात भारतीय छिटांची नक्कल करतच वाढला होता. आपल्या छिपांच्या नक्षीला संरक्षण देणारे तिथे कोणी नव्हते. फ्रान्समध्ये लियोंच्या रेशीम विणकरांसाठी १८०६ मध्ये नेपोलियनच्या राज्यात असा कायदा आला. अमेरिकेत तो १८४२ मध्ये झाला आणि पहिली नोंद न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूसने केलेल्या छपाईच्या टाइपांची झाली.

नक्कल ओळखायची कशी, हा खरा वादाचा मुद्दा. त्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८७१ च्या एका खटल्यात लागला, तोही चांदीच्या चमच्यांवरून. एका कंपनीने चमच्याच्या दांड्याचा नमुना नोंदवला होता आणि दुसऱ्याने त्याच्यासारखाच काढला. धंद्यातले जाणकार म्हणत होते की बारकावे वेगळे आहेत. न्यायालयाने जाणकारांची नजर बाजूला ठेवली. दुकानात उभे राहून नेहमीइतक्या लक्षाने वस्तू पाहणारा साधा गिऱ्हाईक जर फसून एकाऐवजी दुसरी घेणार असेल, तर ती नक्कल, असे ठरले. भांड्यांच्या दुकानात तासभर उभ्या राहणाऱ्या आपल्या आयाबहिणींची नजर कायद्याने प्रमाण मानली, असेच म्हणायला हवे.

बार्थोल्डीने नोंदणी केली ती याच कायद्याखाली. अर्जाबरोबर चित्र होते आणि खाली रूपाचे वर्णन होते. उभी स्त्री, भार डाव्या पायावर, उंचावलेल्या उजव्या हातात मशाल, डाव्या हातात अंगाशी धरलेली पाटी, डोक्यावर किरणांचा मुकुट. काव्याचा लवलेश नाही. जमिनीच्या चतुःसीमा लिहाव्यात तसे कोरडे वर्णन. पण खरी मेख पुढे आहे. हे रूप मोठ्या पुतळ्यात किंवा छोट्या मूर्तीत, धातूत, दगडात, भाजक्या मातीत, प्लास्टरमध्ये, एवढेच नव्हे तर छापील चित्रात आणि छायाचित्रातही उतरू शकते, असे त्याने नमूद करून ठेवले. मुदत मागितली चौदा वर्षांची. तेवढ्या मुदतीची फी होती ३० डॉलर.

बंदरात दुसरा दीडशे फुटी पुतळा कोणी उभारणार नव्हते. त्याला भीती होती ती टेबलावर ठेवायच्या वीतभर मूर्तीची. देवता उभी राहण्याआधीच तिच्या मूर्ती आणि चित्रे कोणीही विकू लागले, तर वर्गणीचा एक झरा आटणार. नोंदणीमुळे परवानगी देण्याचा आणि तिचा मोबदला घेण्याचा हक्क त्याच्या हाती आला. पुढे अमेरिकन समितीने चौथऱ्याच्या निधीसाठी सहा इंची मूर्ती एका डॉलरला आणि बारा इंची पाच डॉलरला विकल्या, त्यावरून या वीतभर मूर्तींचे मोल कळते. आता यात स्वतःचा फायदा त्याच्या मनात नव्हता का? असणारच. शिल्पकारालाही कामगारांचे पगार चुकत नाहीत. पण एवढा पसारा वर्गणीवर उभा करणाऱ्या माणसाने आपल्या हातातले एकमेव चलन, म्हणजे त्या रूपावरचा हक्क, सांभाळून ठेवला, यात मला तरी लोभ दिसत नाही.

पुतळा पॅरिसच्या एका कारखान्यात तयार होत होता. लाकडी साच्यांवर तांब्याचे पत्रे ठेवून ठोके मारायचे, आपल्या पुण्याच्या तांबट आळीत घुमत असत तसे. पत्र्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. आतला लोखंडी सांगाडा ग्युस्ताव्ह आयफेलचा. त्याचा प्रसिद्ध मनोरा तेव्हा अजून व्हायचा होता. देवतेचा चेहरा बार्थोल्डीने आपल्या आईवरून घेतला, असे लोक सांगत आले आहेत. कोलमारच्या त्या घरात एकटी राहिलेली आई आठवली, की ते खरे असावेसे वाटते.

१८८५ च्या जूनमध्ये ३५० तुकडे २१४ पेट्यांत भरून न्यूयॉर्कला पोहोचले. तरी चौथरा अपुराच. न्यूयॉर्क राज्याने ५० हजार डॉलर देण्याचे ठरवले होते, ते गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी नामंजूर केले होते. शेवटी जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापू, असे जाहीर केले. पाच महिन्यांत एक लाखावर डॉलर जमले. देणारे सव्वा लाखाच्या घरात, आणि बहुतेकांची देणगी डॉलरपेक्षाही कमी.

२८ ऑक्टोबर १८८६ रोजी अनावरण झाले. समारंभाला राष्ट्राध्यक्ष म्हणून कोण आले होते? तेच क्लीव्हलँड! फ्रान्सच्या वतीने बोलायला उभे राहिले ते सुएझ कालव्याचे कर्ते फर्डिनांड द लेसेप्स. लाबुले तीन वर्षांपूर्वीच वारले होते. बार्थोल्डी वर, देवतेच्या चेहऱ्यावरच्या झेंड्याची दोरी धरून उभा होता. एका वक्त्याने भाषणात मध्येच श्वास घेतला. भाषण संपले असे समजून याने दोरी ओढली. बंदरातल्या बोटींनी भोंगे वाजवले, तोफा सुटल्या आणि उरलेले भाषण कोणालाच ऐकू आले नाही. पंधरा वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला पाच मिनिटे धीर निघाला नाही, याचे मला फार बरे वाटते.

नोंदणीची चौदा वर्षे फेब्रुवारी १८९३ मध्ये संपली. त्या दिवसापासून ते रूप कोणाचेही झाले. बार्थोल्डी काही गडगंज झाला नाही. काम करत राहिला, आणि ४ ऑक्टोबर १९०४ रोजी पॅरिसमध्ये क्षयाने वारला. कोलमार पुन्हा फ्रान्समध्ये आले ते १९१८ मध्ये. ते पाहायला तो नव्हता. त्याच्या जन्मघरात १९२२ पासून त्याचे संग्रहालय आहे.

पुढची एक गंमत सांगायलाच हवी. २०१० मध्ये अमेरिकी टपाल खात्याने स्वातंत्र्यदेवतेचे तिकीट काढले. छायाचित्र मात्र चुकून लास व्हेगासच्या एका हॉटेलसमोरच्या प्रतिकृतीचे वापरले गेले. ती करणारा शिल्पकार कोर्टात गेला. आपण चेहरा मूळचा ठेवलेला नाही, तो घडवताना आपल्या सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे होता, असे त्याने सांगितले. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला सुमारे ३५ लाख डॉलर देवविले. आईचा चेहरा जगाला मोकळा झाला होता आणि सासूबाईंच्या चेहऱ्याचा हक्क अजून शाबूत होता!

आपल्याकडे आता २००० सालचा डिझाइन कायदा आहे. तो मे २००१ पासून लागू झाला. नोंदणी पेटंट कार्यालयाच्या डिझाइन विभागात होते, तो कोलकात्याला आहे. संरक्षण दहा वर्षांचे, अर्ज करून आणखी पाच वर्षे वाढवून मिळते. अट मात्र कडक. अर्जाआधी ते रूप जगासमोर आलेले नसावे. या अटीत खुद्द बार्थोल्डीही अडकला असता, कारण त्याने हात आणि मस्तक आधीच प्रदर्शनात मांडले होते. शिवाय निव्वळ शिल्पाला आपला कायदा डिझाइन मानत नाही, त्याला कॉपीराइट असतो. आणि आणखी एक कलम कारागिरांनी पाठ करावे असे आहे. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, त्याच्या वस्तू कारखान्याच्या पद्धतीने पन्नासहून अधिक निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. पन्नास! माझ्या त्या कारखानदाराचे पन्नास डबे पहिल्याच दुपारी निघाले असतील.

बार्थोल्डीजवळ काय होते, जे त्याच्याजवळ नव्हते? कल्पकता दोघांकडे होती. कर्ज आणि उधारी दोघांनाही ठाऊक होती. फरक फक्त माहितीचा. कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते, आणि टेबलाच्या अलीकडे बसलेला मी ते सांगू शकलो असतो. प्रकरण मंजूर करताना मी त्याला बावीस प्रश्न विचारले होते. तेविसावा विचारला नाही.

त्याचा एक डबा मी तेव्हा दुकानातून विकत घेतला होता. तो अजून आमच्या घरात आहे आणि नातीच्या शाळेत जातो. घाट अजून तसाच देखणा आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे सौ.ने त्यावर नाव घालून घेतले आहे, तारखेसकट. ते नाव आमचे, म्हणजे विकत घेणाऱ्याचे. ज्याने तो घाट घडवला, त्याचे नाव त्यावर कुठेच नाही.